नियम कारखान्याच्या दारात हवा, घरातल्या रिमोटवर नको
घरगुती विद्युत उपकरणांच्या ऊर्जा-कार्यक्षमता नियमांबाबत वीजग्राहक संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. महासंचालक,
ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, नवी दिल्ली.

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी: केंद्रीय ऊर्जा मंत्रालय, केंद्रीय ग्राहक व्यवहार विभाग; महाऊर्जा (राज्याची ऊर्जा विकास संस्था), पुणे; महाराष्ट्र वीज नियामक आयोग, मुंबई.

महोदय,

आम्ही ऊर्जा-कार्यक्षमतेच्या नियमांच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आमच्या संघटनेत घरगुती वीजग्राहक आहेत: चाळीत आणि सोसायटीत राहणारे, भाडेकरू, पेन्शनर, गावात डिम लाइटवर पंखा चालवणारे. शिवाय वायरमन आहेत, फ्रिज-एसी दुरुस्त करणारे मेकॅनिकही आहेत. वीजबिल कमी यावे ही आमच्यातल्या प्रत्येकाची गरज आहे आणि त्यासाठी कमी वीज खाणारे यंत्र हवे, हे आम्हाला कुणी पटवून द्यायला नको. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली झाला, 2002 च्या मार्चमध्ये ब्यूरो स्थापन झाला, 2006 च्या मे महिन्यात स्टार लेबलची योजना आली आणि 2010 च्या जानेवारीपासून एसी व फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर लेबल सक्तीचे झाले. या सगळ्यामुळे ग्राहकाचे भलेच झाले. त्याआधी फ्रिज घेताना लिटर, रंग आणि कंपनी यांपलीकडे विचारण्यासारखे आमच्या हातात काही नव्हते.

तरीही हे मागणीपत्र द्यावे लागते आहे, कारण अलीकडे नियमांचा रोख बदलतो आहे. यंत्र कसे बनवावे हे सांगणारा नियम आता यंत्र कसे वापरावे हेही सांगू लागला आहे. दुसरीकडे, यंत्राबद्दल जे खरे सांगायला हवे ते लेबलवर अजून पुरते येत नाही आणि बिघडल्यावर ते दुरुस्त होईल याची हमी कुठेच नाही. आमची भूमिका थोडक्यात अशी. वीज उधळणारी यंत्रे कारखान्यातच अडवा, त्यात ढिलाई नको. दुकानात ग्राहकाला पूर्ण आणि खरी माहिती द्या. त्यानंतर कोणते यंत्र घ्यायचे, किती वेळ आणि किती अंशांवर चालवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे की बदलायचे, हा निर्णय त्या घराचा राहू द्या.

एसीच्या तापमानाला कुलूप लावू नये

जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केले की नव्या एसींना 20 ते 28 अंश सेल्सिअस अशी तापमानाची चौकट घातली जाईल. 20 च्या खाली यंत्र जाणारच नाही. हा प्रस्ताव घरगुती एसीपुरता लेखी मागे घ्यावा, ही आमची पहिली मागणी आहे.

त्यामागचा हिशेब आम्हाला मान्य आहे. तापमान एक अंशाने वर ठेवले की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरोच सांगत आला आहे. 16 अंश लावल्याने खोली लवकर थंड होते हा समज चुकीचा आहे, आमचे मेकॅनिक सभासद घरोघरी तेच सांगतात. पण वाचवायला सांगणे वेगळे आणि बटणच काढून घेणे वेगळे.

रिमोटवर दिसणारा आकडा म्हणजे खोलीचे तापमान नव्हे. वरच्या मजल्यावर, दुपारभर तापलेल्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत एक टनाचा एसी 20 वर लावला तरी खोली 27 च्या खाली येत नाही. सेन्सर आतल्या युनिटमध्ये असतो, पलंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ज्या घरात हृदयरोगी आहे, अर्धांगाने पडून असलेले माणूस आहे, त्या घराची गरज दिल्लीत बसून ठरवता येणार नाही. आणि ज्याला खरोखर वीज उधळायची आहे तो 20 अंशांवरही खिडकी उघडी ठेवून उधळेल. त्याला चौकट काही करत नाही.

याच कामासाठी सरकारने आधी उचललेले पाऊल जास्त शहाणपणाचे होते. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबल असलेला प्रत्येक नवा एसी सुरू होताना 24 अंशांवर सुरू होतो. माणसाला हवे असेल तर तो खाली आणू शकतो, पण ज्याला 24 वर बरे वाटते तो तसे करत नाही. कुणाचा हक्क गेला नाही आणि वीज वाचली. हा नियम ठेवावा आणि आणखी काटेकोर करावा. त्याच्या जोडीला आतल्या युनिटच्या डिस्प्लेवर किंवा रिमोटवर आत्ता ताशी किती वीज जाते आहे हा आकडा दाखवणे सक्तीचे करावे. आज एसीचा खर्च महिन्याच्या शेवटी बिलातच कळतो. 18 वर लावले की आकडा किती चढतो आणि 25 वर किती उतरतो हे त्याच क्षणी दिसले, तर घरातली मुलेसुद्धा तापमान वर करतील.

बंधन घालायचेच असेल तर ते सार्वजनिक जागी घालावे. सरकारी कार्यालये, मॉल, हॉटेलांच्या लॉबी, विमानतळ, बँका इथे ग्राहकाला स्वेटर घालून बसावे लागते आणि रिमोट कुणाच्याच हाती नसतो. जून 2018 मध्ये मंत्रालयाने मोठ्या आस्थापनांना 24 ते 26 अंशांचा सल्ला दिला होता; तो सल्ला तिथे नियम व्हावा. जपानने 2005 साली कार्यालयांसाठी 28 अंशांचे आवाहन केले तेव्हा कोट-टायची सक्तीही सैल केली होती. ते आवाहन कार्यालयांना होते, झोपण्याच्या खोल्यांना नव्हते.

लेबलवर युनिट ताऱ्यांइतकेच मोठे हवेत

दुकानातले दृश्य आम्ही गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दिवाळीच्या खरेदीत पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ग्राहक विचारतो, ‘हा किती स्टार?’ विक्रेता सांगतो, ‘फाइव्ह स्टार आहे, ईएमआय बसवून देतो.’ बोलणे तिथेच संपते. लेबलवर वर्षाला लागणारे युनिट छापलेले असतात, पण तिकडे दोघांचेही लक्ष जात नाही, कारण तारे ठळक आणि रंगीत आहेत आणि युनिटचा आकडा त्यांच्या खाली दबलेला आहे.

ताऱ्यांची तुलना फक्त त्याच प्रकारच्या आणि त्याच आकाराच्या यंत्रांमध्ये होते. मोठा डबल-डोअर फ्रिज चार तारे मिरवत असला तरी तीन ताऱ्यांच्या लहान सिंगल-डोअर फ्रिजपेक्षा वर्षाला जास्त युनिट खाऊ शकतो. टीव्हीचेही तसेच: पडदा मोठा झाला की त्याला परवानगीही मोठी मिळते. ज्या चौकोनी कुटुंबाला 190 लिटर पुरतात, त्याला तारे बघून 300 लिटरचा फ्रिज ‘जास्त कार्यक्षम’ म्हणून विकला जातो. त्याचे बिल वाढते आणि आपण वीज वाचवतो आहोत अशी त्याची समजूतही राहते. म्हणून लेबलवर वार्षिक युनिटचा आकडा ताऱ्यांइतकाच मोठा असावा, आणि त्याखाली दहा वर्षांच्या वापराचे युनिटही द्यावेत.

गीझरच्या बाबतीत तर लेबल आमच्या वापराशी बोलतच नाही. टाकीच्या गीझरचे तारे पाणी गरम करून तसेच ठेवले तर चोवीस तासांत टाकीतून किती उष्णता निसटते, यावर ठरतात. हॉटेलला ते उपयोगी आहे. आपल्याकडे अंघोळीआधी अर्धा तास बटण दाबायचे आणि अंघोळ झाली की बंद करायचे, ही पद्धत. अशा घराला टाकी केवढी आहे आणि एक बादली गरम पाण्याला किती वीज लागते हे कळायला हवे. चौघांच्या घरात 25 लिटरची टाकी तापवून निम्मे पाणी रोज तसेच निवू द्यायचे असेल तर पाच ताऱ्यांचा फायदा फारसा उरत नाही. ‘15 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला इतके युनिट’ असा आकडा लेबलवर द्या. तो कुणालाही समजेल.

चाचणी आणि वापर यांतली दरी किती महागात पडते याचे उदाहरण युरोपात आहे. तिथे व्हॅक्यूम क्लीनरचे लेबल रिकाम्या पिशवीवर घेतलेल्या चाचणीच्या आधारे दिले जात असे. एका उत्पादकाने त्याला आव्हान दिले आणि 2018 च्या नोव्हेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने लेबलचा तो नियमच रद्द केला. घरात व्हॅक्यूम क्लीनर रिकाम्या पिशवीने कुणी चालवत नाही. आपल्याकडे असा दावा होईपर्यंत वाट पाहू नये.

1600 तास कुणाचे?

एसीच्या लेबलवरचे वार्षिक युनिट 1600 तासांच्या वापरावर काढलेले असतात, बाहेरचे तापमान 24 ते 43 अंशांच्या दरम्यान धरून. संपूर्ण देशासाठी हिशेब एकच. पण चंद्रपूर, पुणे, रत्नागिरी आणि महाबळेश्वर यांचा उन्हाळा एक नाही. चंद्रपूर-नागपूरचा पारा 45 च्या वर जातो. मुंबई आणि कोकण-गोव्यात तो तितका चढत नाही, पण दमट हवेतले पाणी काढण्यातच यंत्राची बरीच ताकद जाते.

याचा थेट संबंध ग्राहकाच्या निवडीशी आहे. उदाहरण म्हणून धरू की दीड टनाचा एक थ्री स्टार एसी 1600 तासांना 1000 युनिट घेतो आणि फाइव्ह स्टार 750. किमतीत आठ हजारांचा फरक आहे आणि युनिटचा दर 10 रुपये पडतो. मुंबईच्या ज्या घरात एसी वर्षातले 160 दिवस रोज दहा तास चालतो, तिथे दरवर्षी अडीच हजार रुपये वाचतात. तीन-सव्वातीन वर्षांत जास्तीचे पैसे वसूल होतात. पुण्यात जे कुटुंब फक्त एप्रिल-मेच्या रात्री मिळून 300 तास एसी लावते, त्याचे वर्षाला सुमारे 47 युनिट म्हणजे 470 रुपये वाचतात. आठ हजार भरून निघायला 17 वर्षे लागतील, तोवर यंत्र भंगारात गेलेले असेल. या कुटुंबाने थ्री स्टार घेतला तर ते बेजबाबदार ठरत नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे, आणि उरलेल्या आठ हजारांत त्याने घरातले चार पंखे बदलले तर देशाचीही जास्त वीज वाचेल.

म्हणून आमची मागणी: लेबलवर 300, 800 आणि 1600 तास अशा तीन वापरांचे युनिट द्यावेत, लेबलवर क्यूआर कोड असावा आणि तो स्कॅन केल्यावर जिल्हा, रोजचे तास आणि आपला वीजदर टाकून खर्च काढता यावा. महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटचे टप्पे आहेत. वाचलेला प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यातला, म्हणजे महागातला असतो. 310 युनिट वापरणाऱ्याचा आणि 90 युनिट वापरणाऱ्याचा फायदा वेगळा. सरासरी दराने काढलेला हिशेब दोघांनाही चुकीचे सांगतो.

खाऱ्या हवेत कंडेन्सरची कॉइल किती टिकते हेही लेबलच्या कक्षेत यावे. किनारपट्टीवर गंजलेल्या कॉइलचा फाइव्ह स्टार एसी दोन-तीन पावसाळ्यांनंतर लेबलवरच्या आकड्याच्या जवळही राहत नाही. कार्यक्षमता पहिल्या दिवशी मोजून भागत नाही.

कालचा फाइव्ह स्टार आज फोर स्टार

ताऱ्यांचे तक्ते वेळोवेळी कडक होतात आणि ते योग्य आहे. पण ग्राहकाला ते सांगितले जात नाही. 4.6 कार्यक्षमता-अंकाचा स्प्लिट एसी जून 2022 पर्यंत फाइव्ह स्टार होता, कारण तेव्हा सीमा 4.50 होती. जुलै 2022 पासून सीमा 5.00 झाली आणि तेच यंत्र फोर स्टार झाले. जानेवारी 2026 पासून तक्ता पुन्हा वर सरकला. सीमा बदलण्याच्या सुमारास दुकानात दोन्ही तक्त्यांची यंत्रे शेजारी-शेजारी उभी असतात, तारे सारखे आणि वीज वेगळी. लेबलवर कालावधी छापलेला असतो, पण तो शोधायला चष्मा लागतो. लेबलचे वर्ष ताऱ्यांच्या अगदी शेजारी, त्याच आकारात असावे आणि जुन्या तक्त्याच्या मालावर ‘नव्या तक्त्यानुसार इतके तारे’ असे दुकानदाराने लिहिणे बंधनकारक असावे. शिवाय पुढचा तक्ता किमान तीन वर्षे आधी जाहीर व्हावा. जपानच्या ‘टॉप रनर’ योजनेत बाजारातले सर्वांत चांगले यंत्र पुढच्या काही वर्षांचे लक्ष्य ठरते आणि कारखानदाराला तयारीला वेळ मिळतो. इथेही तसे झाले तर ‘अचानक नियम आला, म्हणून भाव वाढवला’ हे कारण राहणार नाही.

जे दुरुस्त होत नाही, त्याला पाच तारे नकोत

आमच्या मेकॅनिक सभासदांचा सर्वांत जास्त भर या मागणीवर आहे आणि सर्व सभासदांचा तिला पाठिंबा आहे.

पंख्याचे उदाहरण घ्या. साधा छताचा पंखा 70 ते 80 वॉट घेतो; बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा 30 वॉटच्या आसपास. रोज 12 तास, वर्षातले 300 दिवस चालला तर 45 वॉटचा फरक 162 युनिटांचा होतो. एका पंख्यामागे वर्षाला हजार रुपयांहून जास्त. घरगुती उपकरणांत इतक्या लवकर पैसे फेडणारे दुसरे फारसे काही नाही, म्हणून 1 जानेवारी 2023 पासून पंख्यांवर लेबल सक्तीचे झाले ते उत्तमच.

पण आता तोच पंखा बंद पडल्यावर काय होते ते पाहा. साधा पंखा हळू फिरू लागला तर कोपऱ्यावरचा वायरमन कंडेन्सर बदलतो. आवाज करू लागला तर बेअरिंग. जळला तर रिवाइंडिंग. सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात आणि काम त्याच दिवशी होते. बीएलडीसी पंख्यात वाटीच्या आत एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. पावसाळ्यात वीज पडली, व्होल्टेज एकदम उसळले, की पहिला तोच जातो. बोर्डावर बऱ्याचदा रेझिन ओतलेले असते, त्यामुळे जळालेला एखादा लहानसा भागही काढून बदलता येत नाही. नवा बोर्ड बाजारात मिळत नाही, कंपनीकडेच मागावा लागतो. एका सभासदाला सर्व्हिस सेंटरमधून उत्तर मिळाले की या मॉडेलचा बोर्ड येणे बंद झाले आहे, नवा पंखा एक्सचेंजमध्ये घ्या. पंख्याची मोटर, पाती, दांडी, सगळे ठणठणीत होते. रिमोट हरवला तरी तीच गत. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर यातल्या बऱ्याच पंख्यांना चालत नाही.

चांगला पंखा तीन वर्षांत फेकावा लागला तर वाचलेली वीज नव्या पंख्याच्या किमतीत जाते आणि तांबे-अॅल्युमिनियम कचऱ्यात जाते. पुढच्या वेळी तो ग्राहक वायरमनच्या सल्ल्याने 75 वॉटचा साधाच पंखा लावतो. असे ग्राहक आम्ही पाहिले आहेत आणि आम्हाला त्यांना दोष देता येत नाही. इन्व्हर्टर एसी आणि इन्व्हर्टर फ्रिजचे बोर्डही याच वाटेने चालले आहेत.

चार किंवा पाच तारे हवे असणाऱ्या प्रत्येक मॉडेलसाठी उत्पादकाने लेखी द्यावे की बोर्ड, रिमोट आणि इतर मुख्य सुटे भाग पंख्यासाठी सात आणि फ्रिज-एसीसाठी दहा वर्षे मिळतील, त्यांच्या कमाल किमती जाहीर असतील आणि ते केवळ स्वतःच्या सर्व्हिस सेंटरला न देता कोणत्याही मेकॅनिकला विकले जातील. बोर्डावर रेझिन ओतून दुरुस्ती अशक्य करू नये. ओलाव्यापासून संरक्षणासाठी ते लागत असेल तर बोर्ड स्वतंत्रपणे निघेल आणि बदलता येईल अशी रचना असावी. युरोपीय संघाने फ्रिज आणि वॉशिंग मशीनसाठी सुटे भाग सात ते दहा वर्षे देण्याची अट 2021 पासून घातली आहे. फ्रान्सने त्याच वर्षी काही उपकरणांवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापायला लावले. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, पण ते आणि स्टार लेबल यांची अजून गाठ पडलेली नाही. दोन मंत्रालयांनी एकत्र बसून दुरुस्तीचा गुण स्टार लेबलवरच आणावा.

ग्रामीण भागासाठी एक अट वेगळी घालावी: कार्यक्षम उपकरणाने कमी आणि जास्त व्होल्टेजमध्ये तग धरला पाहिजे आणि त्याची चाचणी लेबलआधी झाली पाहिजे. शहरातल्या स्थिर 230 व्होल्टवर मिळवलेले पाच तारे ज्या गावात संध्याकाळी व्होल्टेज पडते तिथे काय कामाचे?

जिथे ग्राहक निवड करतच नाही, तिथे नियम कडक हवा

निवडीचे स्वातंत्र्य मागताना आम्ही हेही सांगतो की काही ठिकाणी निवड दुसराच करतो आणि बिल मात्र आम्ही भरतो. तिथे सरकारने कसूर करू नये.

सेट-टॉप बॉक्स केबलवाला किंवा डीटीएच कंपनी देईल तोच घ्यावा लागतो. बरेचसे बॉक्स रिमोटने बंद केले तरी जवळजवळ तितकीच वीज घेत राहतात. 10 वॉटचा बॉक्स टीव्ही बंद असतानाचे वीस तास तसाच जागा राहिला तर वर्षाला 73 युनिट जातात. काही लहान फ्रिजच्या वार्षिक वापराच्या निम्म्याच्या घरात. हा बॉक्स आम्ही निवडलेला नाही. बंद केल्यावर किती वॉट घ्यावेत याची कमाल मर्यादा सेट-टॉप बॉक्स आणि वायफाय राउटरला तातडीने लावावी. इथे लेबल नको, थेट बंधन हवे.

भाड्याच्या घरात पंखे आणि गीझर मालक लावतो, बिल भाडेकरू भरतो. नव्या इमारतीत बिल्डर सर्वांत स्वस्त पंखा बसवून देतो. बिल्डरने दिलेल्या प्रत्येक विद्युत उपकरणाचे लेबल ताबापत्रासोबत देणे बंधनकारक करावे आणि सरकारी गृहयोजनांत बीएलडीसी पंखेच बसवावेत.

विदर्भात उन्हाळा कूलरवर निघतो. स्थानिक वर्कशॉपमध्ये पत्र्याची पेटी, जाळ्या, मोटर आणि पंप जोडून कूलर तयार होतो. त्यावर कसलेच लेबल नसते. या छोट्या कारागिरांवर लेबलची सक्ती लादू नये, त्यांना चाचणीचा खर्च झेपणार नाही. त्याऐवजी कूलरची मोटर आणि पंप यांवर लेबल सक्तीचे करावे. कारागीर चांगली मोटर बसवेल आणि गिऱ्हाईकही मोटरचे तारे विचारेल.

कर आणि किंमत

एलईडी दिव्यांच्या बाबतीत सरकारने काय साधले ते विसरू नये. जानेवारी 2015 पासून उजाला योजनेत मोठ्या प्रमाणावर खरेदी झाली, सरकारी खरेदीची किंमत 2014 च्या 310 रुपयांवरून 2016 पर्यंत 38 रुपयांच्या आसपास आली आणि 36 कोटींहून अधिक दिवे घराघरांत गेले. पिवळा बल्ब हुकमाने गेला नाही, स्वस्त आणि चांगला पर्याय हाती आल्याने गेला. पंख्यांसाठी हाच मार्ग धरावा. एका पंख्यामागे मोजली तर वाचणारी वीज दिव्यापेक्षाही जास्त आहे.

त्याच एलईडीवरचा जीएसटी जुलै 2022 मध्ये 12 वरून 18 टक्के झाला. एसीवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्याचे स्वागत. पण एक तारा आणि पाच तारे यांना कर सारखाच आहे. पाच ताऱ्यांचे पंखे, एलईडी दिवे आणि 250 लिटरपर्यंतचे फ्रिज यांना 5 टक्क्यांच्या टप्प्यात टाकावे. महागड्या मोठ्या एसींना ही सवलत देऊ नये.

जुना फ्रिज एक्सचेंजमध्ये दिला की तो बहुधा दुसऱ्या घरात चालू लागतो, देशाच्या पातळीवर काहीच वाचत नाही. सवलत घ्यायची असेल तर जुने यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे गेल्याची पावती हवी, अशी अट घालावी.

तपासणी आणि सुनावणी

बाजारातून नमुने उचलून केलेल्या चाचण्यांचे निकाल मॉडेलच्या नावानिशी, उत्तीर्ण असो वा अनुत्तीर्ण, प्रत्येक तिमाहीला संकेतस्थळावर मराठीसह राज्यभाषांत द्यावेत. लेबलपेक्षा जास्त वीज खाणारे मॉडेल घेतलेल्या ग्राहकाला फरकाची भरपाई मागण्याचा सोपा मार्ग असावा. त्यासाठी प्रत्येकाला ग्राहक आयोगात वकील लावायला लागू नये. दंड सरकारजमा होतो, बिल ग्राहकाने भरलेले असते.

नियमांचे मसुदे आज इंग्रजीत येतात आणि उत्पादकांच्या बैठकांतून पक्के होतात. वीजदर बदलायचा असेल तर वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो, आमच्यासारख्या संघटना तिथे उभ्या राहून बोलतात. घरातल्या यंत्रांचे नियम त्याच बिलावर परिणाम करतात, तेव्हा त्यांनाही तशीच सुनावणी हवी: मसुदा राज्यभाषांत, हरकतींसाठी किमान 60 दिवस आणि प्रत्येक राज्यात एक तरी बैठक. महाराष्ट्रात ती महाऊर्जाने बोलवावी आणि तिथे दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकांनाही खुर्ची असावी.

या मागण्यांवर मुद्देनिहाय लेखी उत्तर 90 दिवसांत मिळावे, ही विनंती. चर्चेला बोलावल्यास आमचे प्रतिनिधी येतील. सोबत मेकॅनिक सभासदांकडे साठलेले निकामी बोर्ड आणि दुकानांत घेतलेले लेबलांचे फोटो आणतील.

कळावे,

आपले,
अध्यक्ष आणि सचिव,
कार्यकारिणी व सर्व सभासदांच्या वतीने